एका रस्त्यावरच्या तीन रणभूमी



पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत प्रवासाची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मुले परदेशी स्थायिक झाली की आई-वडील एकदा तरी तिकडे जाऊन येतात. कोणी फ्रान्समधील नॉर्मंडीचा किनारा पाहतो, जेथे ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या. कोणी अमेरिकेतील गेटिसबर्गला जातो. तेथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत त्या देशाच्या यादवी युद्धातील निर्णायक लढाई झाली. परत आल्यावर छायाचित्रे दाखवली जातात आणि 'त्यांनी किती जपले आहे!' असा उद्गार हमखास निघतो.

उद्गार खरा आहे. गेटिसबर्गची रणभूमी १८९५ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन आलेल्या प्रवाशासाठी क्रमांक दिलेले थांबे आहेत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तेथील परवानाधारक मार्गदर्शक. ही पद्धत १९१५ पासून चालत आली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. हा मार्गदर्शक प्रवाशाच्याच गाडीत बसतो, बहुधा चक्र स्वतःच्या हाती घेतो आणि कोणती टेकडी कोणाच्या ताब्यात होती, तोफा कोठे होत्या, पायदळ कोणत्या शेतातून चालून गेले, हे त्या-त्या जागी गाडी उभी करून सांगतो. प्रवाशाला नुसता पुतळा दिसत नाही, लढाई दिसते.

आता याच प्रवाशाला कोणी विचारावे, "वडगावची लढाई कोठे झाली?" पुण्याहून जेमतेम तासाभराच्या अंतरावरील हे गाव. त्या रस्त्याने तो शेकडो वेळा मुंबईस गेलेला असतो. लोणावळ्याची चिक्की त्याला आठवते, वडगाव आठवत नाही.

दोष सर्वस्वी त्याचा नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळ गाडीच्या काचेबाहेर वेगाने मागे पळू लागला. म्हणून पहिली सूचना अशी की, गाडी दिवसाच्या बोलीवर भाड्याने ठरवावी आणि चालकाला आरंभीच सांगावे, द्रुतगती मार्गाने जायचे नाही. जुन्या रस्त्यानेच जायचे. पुणे, चिंचवड, तळेगाव, वडगाव, कामशेत, कारले, लोणावळा हा क्रम मोडायचा नाही. कारण फौजा याच क्रमाने चालल्या होत्या.

तळेगावात पहिला थांबा घ्यावा. राघोबादादांना पेशवेपदी बसवण्याच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची फौज घाटावर चढवली. सोबत तोफा, दारूगोळा आणि हजारो बैलांचा तांडा. ४ जानेवारी १७७९ रोजी ही फौज कारल्याला होती आणि ९ तारखेला तळेगावात पोहोचली. गाडी हे अंतर अर्ध्या तासात कापते. इंग्रजांना पाच दिवस लागले, कारण महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा त्यांना सुखाने पाऊल टाकू देत नव्हत्या. समोरासमोर मोठी झुंज द्यायची नाही, पण रसद तोडायची, बाजूंनी लचके तोडायचे, हा डाव. तळेगाव गाठले तेव्हा गाव ओस आणि दाणागोटा जळालेला. पुढे चिंचवड आणि वेळ पडल्यास खुद्द पुणेही जाळून टाकण्याची तयारी पुणे दरबाराने केली होती. शत्रूच्या हाती वसते शहर द्यायचे नाही, एवढा निर्धार करणारे ते पुणे होते. नाना फडणविसांना केवळ लेखणीबहाद्दर म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी तळेगावच्या तळ्याकाठी उभे राहून या गोष्टीचा विचार करावा. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि आल्या वाटेने माघार घेतली.

माघार गुप्त राहिली नाही. वडगावाशी त्यांना चारी बाजूंनी कोंडण्यात आले आणि १६ जानेवारीच्या सुमारास तहावर सह्या झाल्या. राघोबांना स्वाधीन करावे, साष्टी परत द्यावी, बंगालहून येणारी फौज माघारी फिरवावी, अशा अटी. हमीसाठी दोन इंग्रज ओलीस. पुढे साऱ्या हिंदुस्थानावर राज्य करणाऱ्या सत्तेने शरणागतीच्या कागदावर सही केली, ती या मावळच्या मातीत. जुन्या महामार्गालगत विजयस्तंभ आणि महादजींचा पुतळा आहे. तेथे थांबावे, वंदन करावे, पण तेवढ्यावर गाडीत बसू नये. तळेगावाकडे तोंड करून उभे राहावे आणि मुलांना विचारावे, चार-पाच किलोमीटर मागे सरकलेली फौज येथेच का अडकली? डोंगर कोठे आहेत, घाट किती दूर आहे, पाणी कोठे आहे? उत्तरे जमीन देते.

वडगावला आणखी एक जागा आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात 'इष्टुर फाकड्याची' म्हणून सांगितली जाणारी समाधी आहे. हा इष्टुर म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. तो ४ जानेवारीस कारल्याजवळ पडला. शत्रू असूनही त्याच्या धडाडीला 'फाकडा' ही पदवी मराठ्यांनीच दिली. पराक्रम कोणाचाही असो, त्याला दाद देण्याचा हा मोठेपणा आपल्या पूर्वजांत होता. माणूस कारल्याला पडला तर समाधी वडगावला कशी, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नये. तो योग्य वाटेवर आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वडगावचा तह इंग्रजांनी पाळला नाही. मुंबईकरांनी तो नाकारला, कलकत्त्याहून हेस्टिंग्जने झिडकारला. राघोबा वाटेतून निसटून पुन्हा इंग्रजांच्या आश्रयास गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रणात जिंकलेले कागदावर गेले. विजयस्तंभापाशी उभे राहून हेही सांगितले पाहिजे. इंग्रज घाट चढून आले ते घरातीलच एका कर्त्या पुरुषाचे बोट धरून, हेही लपवण्याचे कारण नाही.

पुढे कामशेत. येथे लढाई झाली म्हणून नव्हे, तर इंद्रायणीकाठच्या या लहानशा गावी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोद्याची नोकरी संपल्यावर वास्तव्य केले, म्हणून थोडे थांबावे. त्यांना भेटण्यास सर जदुनाथ सरकार थेट बंगालहून येत. एक मराठी, एक बंगाली, दोघेही वृद्ध. पण कागदांबरोबर जमीनही पाहिली पाहिजे, या आग्रहापोटी दोघांनी मिळून इतिहासप्रसिद्ध स्थळांच्या यात्रा केल्या. अलीकडच्या काळात निनाद बेडेकरांनी हेच व्रत पुण्यात चालवले. ते २०१५ साली गेले. तळेगावचे गोनीदा तर त्याआधीच, १९९८ साली गेले. त्यांच्यामागून गड चढलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे, आणि नातवंडांना रणभूमी वाचून दाखवणारे माणूस घरात उरलेले नाही. ती जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न मोकळाच आहे.

सध्या ती जागा घेतली आहे चित्रपटाने आणि सहल कंपनीच्या ध्वनिक्षेपकाने. चित्रपटांनी तरुणांना गडांकडे वळवले, याचे श्रेय त्यांना द्यावे. पण बसमधला मार्गदर्शक पुष्कळदा ऐकीव कथा रंगवून सांगतो. सिंहगडावर घोरपडीची गोष्ट टाळ्या घेते. तिला समकालीन आधार नाही. तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो कडा चढून देह ठेवला, हे सत्य एवढे उत्तुंग आहे की त्याला घोरपडीचा दोर लागत नाही. असो.

लोणावळ्याच्या बाजारातून गाडी कुरवंड्याकडे वळवावी. नौदलाच्या 'आयएनएस शिवाजी' या प्रशिक्षण केंद्रावरून हा रस्ता जातो आणि गाव संपते तेथे सह्याद्री एकदम तुटतो. खाली कोकण. १६६१ साली लाल महालात तळ दिलेल्या शाइस्ताखानाने कोकण जिंकण्यासाठी कारतलबखानाला पाठवले. खान चिंचवड, तळेगाव, वडगाव असा सकाळपासून आपण आलो त्याच वाटेने आला आणि बोरघाटाने न जाता या कुरवंड्याच्या घाटाने उतरला. महाराजांना चकवावे, हा त्याचा हेतू. महाराज खाली त्याची वाट पाहत होते.

धडधाकट तरुणांनी स्थानिक वाटाड्या घेऊन येथून पायी उतरावे. वडीलधाऱ्यांनी गाडीतच बसून खोपोलीवरून पालीच्या रस्त्याने शेमडीपर्यंत यावे आणि तेथून चावणीला पोहोचावे. पायी उतरणाऱ्याला जे कळते ते गाडीतून कळत नाही. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, मागे वर चढणे अशक्य. घोडेस्वार येथे कुचकामी. 'शिवभारत'कार परमानंदाने या प्रसंगाचे सविस्तर वर्णन केले आहे. ते उतरणाऱ्यांपैकी एकाने तरी आधी वाचलेले असावे.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी ही उंबरखिंडीची लढाई झाली. पुढची आणि मागची वाट मावळ्यांनी रोखली होती आणि झाडीतून मारा सुरू झाला. खानाच्या सैन्यात माहूरकडील रायबागन ही शूर स्त्री सरदार होती. शरण जावे, हा सल्ला तिने दिला. खंडणी आणि सारे सामान सोडून खानाला जीवदान मिळाले. लक्षात घ्या, महाराजांनी सरसकट कत्तल केली नाही. जे हवे होते ते मिळताच वाट मोकळी केली. ही राजनीती खिंडीत उभे राहिल्यावर अधिक उमजते, कारण सारे मारणे त्यांना येथे सहज शक्य होते, हे डोळ्यांना दिसते.

चावणीजवळ नदीकाठी या समरभूमीचे स्मारक आहे. फेब्रुवारीत जावे. त्या ऋतूत झाडी आणि पाणी साधारण त्या दिवसासारखेच असेल. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या रस्त्याच्या डावीकडे दिसणारा लोहगडही त्यांत आहे. सर्वांना अभिमान वाटावा अशी ही घटना. पण त्या यादीत आहेत ते दुर्ग. उघड्या रणभूमीला तट नसतो, बुरूज नसतो, त्यामुळे तिच्यावर घरे, कारखाने, रस्ते सहज उभे राहतात आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही.

त्याचे उदाहरण पाहण्यास दूर जायला नको. परतीच्या वाटेवर, दिवेलागणीपूर्वी, गाडी खडकीला आणावी. प्रथम युद्धस्मशानभूमी पाहावी. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक तेथे चिरनिद्रा घेत आहेत. रांगेतले दगड, कापलेली हिरवळ, प्रत्येकाचे नाव आणि पलटण. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग हे सारे राखतो आणि मृतांचे नातलग परदेशांतून येऊन फुले वाहतात. त्यांचा हेवा नको. त्यांच्याकडून शिकावे.

मग खडकी ते गणेशखिंड या पट्ट्यात हिंडावे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे बापू गोखल्यांनी इंग्रजांवर घोडदळ घातले. समोर दलदल होती. घोडे तीत रुतले आणि वेग मोडला. जरीपटक्याचे निशाण नेणारे मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडले. तो मारा मेजर फोर्डच्या दापोडीच्या पलटणीचा होता, आणि त्या पलटणीला पगार पेशव्यांच्याच खजिन्यातून मिळत असे. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. १६ तारखेला येरवड्याची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

या भूमीवर आज विद्यापीठ आहे, दारूगोळ्याचा कारखाना आहे, छावणी आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नराचा जुना प्रासाद. रोज त्या फाटकातून हजारो विद्यार्थी आत जातात. इतिहास हा विषय घेतलेल्यांपैकी तरी किती जण दलदलीची जागा दाखवू शकतील? विजयाच्या जागी आपण उत्सव करतो. पराजयाच्या जागी जाण्यास पाय कचरतात. १४ जानेवारीला पानिपतास जाणाऱ्या मराठी मंडळींनी तो संकोच मोडला आहे, हे मान्य केले पाहिजे. पानिपत मात्र शेकडो कोस दूर आहे. खडकी घराच्या पाठीशी आहे.

शाखांच्या आणि शाळांच्या सहली गडावर जातात, खेळ होतात, डबे उघडतात, घोषणा होतात आणि संध्याकाळी बस परत फिरते. यात वाईट काही नाही. परंतु पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विद्यापीठ आहे, निवृत्त सैन्याधिकारी शेकड्यांनी राहतात. या तिघांनी मिळून अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि गेटिसबर्गप्रमाणे भाड्याच्या गाडीत चालकाशेजारी बसून रणभूमी उलगडणारे दहा-वीस तरुण तयार करावेत. मानधन प्रवासी आनंदाने देतील. चालकांनाही शिकवावे, कारण परगावचा प्रवासी पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो.

तोपर्यंत कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. १८१७ साली खडकीची लढाई झाली तेव्हा दिवाळी अवघ्या तीन-चार दिवसांवर आली होती. आजही नोव्हेंबरचा तो आठवडा बहुधा दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो. अंगणात मुलांचे मातीचे किल्ले तयार असतात, परदेशातील नातवंडे घरी आलेली असतात. दुपारचा चहा घेऊन निघाले तर कोणत्याही पेठेतून रिक्षाने गणेशखिंड अर्ध्या-पाऊण तासावर आहे. त्यासाठी सहल कंपनीत नाव नोंदवावे लागत नाही.