फॅल्कन की चार्जर?

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनाला स्वप्नातली गाडी विचारा. बहुतेक वेळा फोर्ड फॅल्कन जीटीएचओ फेज थ्रीचंच नाव निघेल. माझा कल मात्र क्रायस्लरच्या व्हॅलियंट चार्जर ई-49कडे आहे.

ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या मोटार शर्यतीत तेव्हा दुकानात विकली जाणारी गाडीच उतरवावी लागे. मग कंपन्यांनी शर्यतीची गाडीच गिऱ्हाइकाला विकायला काढली! 1971ची फेज थ्री त्यातलीच. 5.8 लिटरचं व्ही-8 इंजिन, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि टाकी तब्बल 164 लिटरची, म्हणजे पेट्रोलसाठी कमी वेळा थांबायचं. दारं मात्र चार. मुलाबाळांना घेऊन फिरायला मोकळे! त्या वर्षी चालक ॲलन मॉफटने हीच गाडी 500 मैल एकट्याने चालवून शर्यत जिंकली, तीही बियरचं रिकामं खोकं पुढच्या जाळीत अडकलेलं असताना.

1972ची ई-49 दोन दारांची. इंजिन व्ही-8 नव्हे, एका रांगेत सहा सिलिंडर, 4.3 लिटर. पण त्यावर तीन इटालियन वेबर कार्ब्युरेटर आणि 302 अश्वशक्ती. पाव मैल साधारण साडेचौदा सेकंदांत कापून ती भल्या भल्या व्ही-8ना घाम फोडायची. एवढ्या लहान इंजिनातून एवढं काम काढणं, हे मला जास्त कौतुकाचं वाटतं.

फेज थ्री 300 बनल्या, ई-49 फक्त 149. तरी 2018मध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेली ती फेज थ्री. कारण चार्जरला बाथर्स्ट कधीच जिंकता आलं नाही. 1972मध्ये तिसरी आली, पहिली पीटर ब्रॉकची टोराना. शिवाय त्याच वर्षी वेगवान गाड्यांविरुद्ध वर्तमानपत्रांतून ओरड झाली, राजकारणी उतरले आणि फोर्डने पुढची आवृत्ती, फेज फोर, गुंडाळली. फेज थ्रीचं मोल त्यानेही वाढलं.

भाव चढला की नकलाही आल्याच. साध्या जीटीला एचओचे भाग चढवतात, साध्या चार्जरला तीन कार्ब्युरेटर. म्हणून चासी आणि इंजिनाचे क्रमांक मूळ कागदांशी ताडून पाहा. ई-49 घेताना आणखी एक बघा: तिन्ही वेबर तंबोऱ्यांसारखे एका सुरात लागावे लागतात, आणि ते लावणारा कारागीर जवळपास हवा. विकणाऱ्याला गाडी थंड इंजिनावर, तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. बॉनेट आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.