न मागितलेली वस्तू

'स्टार्टअप' हा शब्द हल्ली खेडोपाडी ऐकू येतो. मुळशी तालुक्यातले सूस हे एके काळचे भातशेतीचे गाव. २०२१ साली ते पुणे महापालिकेत गेले. जवळच हिंजवडीची संगणकनगरी. अशा गावातला एखादा मुलगा बापाला म्हणतो, "जमिनीचे आलेले पैसे द्या, बाजारात आजवर नव्हती अशी वस्तू मी काढणार." आता बापाने काय करावे? जी वस्तू कोणी मागितलीच नाही, ती घेणार कोण?

हा प्रश्न जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यांत्रिक रेखाचित्रे शिकवीत. म्हणजे मूळचे शिक्षकच, बरं का! पुढे ते बेळगावला भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले, मग कडबा कापायचे यंत्र काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. विलायती नांगर तेव्हा होते. पण आपल्याकडे, आपल्या शेतकऱ्यासाठी तो घडवून विकणे, हा बाजारच नव्हता.

लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. ती सोडून दिली, तरी शेतकऱ्याची शंका वेडगळ नव्हती. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. हा ओतीव लोखंडाचा नांगर मोडला तर कोणाकडे न्यायचा? शिवाय तो ओढायला बैल जास्त. त्याचा गुण मात्र मोठा: लाकडी नांगर माती उकरतो, हा ती पलटतो, तण मुळासकट वर काढतो. पण गुण पटल्याशिवाय पैसा सुटत नाही. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे लागली, असे सांगतात.

१९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, ते मुळात कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी. पुढे चरक आले, पंप आले. नांगरावर विश्वास बसलेल्या शेतकऱ्याला पंपाचे नाव परके वाटले नाही.

यातले मर्म असे. तयार बाजारात व्यापारी माल विकतो. नव्या बाजारात त्याला आधी गरज समजावून द्यावी लागते. जो ती नीट समजावतो, त्याचेच नाव त्या वस्तूला चिकटते. मग दुसरे कारखानदार आले, तरी गिऱ्हाईक तुलना करते ती पहिल्याशी. मात्र नुसते पहिले येऊन भागत नाही. शिकवायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात भांडवल संपले, तर तयार झालेले शेत दुसराच कापून नेतो.

तेव्हा बापाने मुलाला हिणवू नये आणि डोळे मिटून पैसेही देऊ नयेत. तीन गोष्टी विचाराव्यात. कोणाची कोणती अडचण दूर होणार? वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि दोन वर्षे एकही नग खपला नाही, तर घर कशावर चालणार? शिक्षकमित्रहो, हे प्रश्न वर्गातही विचारायला हरकत नाही. उत्तरे देता आली, तर पोराने माळरानावर नांगर घालावा.