डावखुरा होईल, म्हणण्याआधी
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



हप्त्यांचा हिशोब झालाय, आता दहा मिनिटं मला द्या. विषय कर्जाचा नाही, लेकरांचा आहे.

दीड वर्षापूर्वी एका गटाच्या बैठकीत दहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर होतं. बिस्कीट दाखवलं की डावा हात पुढं. उजवीकडून दिलं तरी डावाच. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. आजी म्हणाली, "डावखुरा होणार, काकासारखा." सगळ्या हसल्या. मीही हसले. समाजकार्य शिकलेली मी, पण माझ्याही ध्यानात आलं नाही! तो दीड वर्षाचा झाला, उजवा पाय ओढत चवड्यावर चालायला लागला, तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. मधले आठ महिने गेले ते गेलेच.

पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात वापरतं. डावखुरं की उजवं, हे नंतर ठरतं. एवढ्या लवकर एकच हात पुढं येत असेल, तर दुसरा मागं का राहतोय ते तपासून घ्या.

दोष हातात नसतो. जन्माच्या वेळी बाळ अडकलं, प्राणवायू कमी पडला, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा रक्तवाहिनी बंद झाली, तर मेंदूला इजा होऊ शकते. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून इजा डावीकडं झाली की उजवं अंग कमजोर पडतं. कित्येकदा इजा पोटात असतानाच झालेली असते, आणि कारण सापडतही नाही. त्या आईला मात्र ऐकावं लागलं, "ग्रहणात भाजी चिरलीस." सासवांनो, रागवू नका, पण ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही.

जन्मल्यापासून फक्त हातच लुळा असेल, पाय चांगला असेल, तर बाळंतपणात मानेजवळच्या नसा ताणलेल्या असू शकतात. ते वेगळं दुखणं. तिथंही थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

मेंदूची इजा पुढं वाढत नाही, पण न वापरलेला हात आखडत जातो. नुसतं तेल चोळून भागत नाही, आणि जोरानं ओढून तर मुळीच नाही. आशाताईला सांगा. आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्याची वाट बघत बसू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथली चिठ्ठी मागा. व्यायाम तिथं शिकवतात, करायचा मात्र घरी, रोज. मोठा चेंडू दोन्ही हातांनी धरायचा, कणकेचा गोळा दाबायचा, असं खेळता खेळता. आणि झटका आला तर थेट दवाखाना.

तो मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. उजवी बोटं अजून नीट उघडत नाहीत. पण परवा त्यानं उजव्या हातानं वाटी छातीशी धरली आणि डाव्यानं कुरमुरे खाल्ले. त्याची आई मला दारातूनच हाका मारत होती.

तुमच्या आळीत असं लेकरू असेल, तर जाताना मला थांबवा. चारचौघींत नको वाटत असेल, तर मी घरी येते.