म्हातारपणीची टोचणी

(निफाड येथे प्रौढ साक्षरांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज या वर्गात पिकल्या केसांची मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी जरा बाही वर सारावी आणि आपला हात बघावा. साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या हातावर एक गोल व्रण दिसेल. ती देवीच्या टोचणीची खूण आहे. आमच्याही हातावर ती आहे.

आम्ही लहान होतो तेव्हा शाळेत देवी काढणारा येई. तो आला असे कळले की आम्ही पोरे मागच्या दाराने पळून बाजरीच्या शेतात लपत असू. मग वडील कान धरून आणीत. त्या माणसाजवळ एक बारीक दात्यांचे हत्यार असे. ते हातावर टेकवून तो गर्रकन फिरवी. आठ दिवस हात ठणके. घरातल्या म्हाताऱ्या म्हणत, "देवीचा कोप होईल." कोप काही झाला नाही. देवी मात्र गेली. १९७५ सालानंतर भारतात देवीचा रोगी सापडलेला नाही. १९८० साली हा रोग साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. पूर्वी प्रत्येक गावात देवीच्या वणांचे चेहरे दिसत. आज आपल्या नातवंडांना तसा चेहरा दाखवू म्हटले तर कोठे दाखवणार?

हे सारे आपण जाणतो. म्हणून नातवाला टोचायचे असले की आजी स्वतः कडेवर घेऊन उपकेंद्रात जाते. पण नर्सबाईने विचारले, "आजी, तुमचे काय?" तर आजी हसते. आजोबा तर म्हणतात, "आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता टोचून काय करायचे?"

मंडळी, हे बोलणे ऐकायला बरे वाटते. पण ते खरे नाही. साठीनंतरही माणूस दहा-वीस वर्षे जगतो. नुसता जगत नाही, राबतो. द्राक्षबागेत तारा कोण ओढतो? कांद्याची पात विळ्याने कोण कापते? गोठ्यातले शेण कोण काढते? घरातली म्हातारी माणसेच ना? आणि धनुर्वाताचे जंतू नेमके तेथेच असतात, मातीत आणि शेणात.

पुष्कळांना वाटते की गंजलेला खिळा लागला तरच धनुर्वात होतो. तसे नाही. गंजाने धनुर्वात होत नाही. मातीतले जंतू जखमेत शिरले की होतो. बाभळीचा काटा पुरतो, छाटणीची कात्री पुरते. आधी दातखीळ बसते. मग अंग धनुष्यासारखे वाकते. म्हणून तर त्याला धनुर्वात म्हणतात. एकदा होऊन माणूस वाचला तरी तो पुन्हा होऊ शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. देवीसारखा रोग माणसापासून माणसाला लागतो. शेजाऱ्यांनी टोचून घेतले तर थोडा बचाव आपलाही होतो. धनुर्वात मातीतून येतो. साऱ्या गावाने टोचले आणि तुम्ही एकटे राहिलात, तर तुमचा बचाव कोणी करू शकत नाही.

येथे बायका पुरुषांच्या पुढे आहेत, हे सांगायला आम्हांला आनंद वाटतो. गरोदरपणात पुष्कळ बायांना धनुर्वाताची टोचणी मिळाली आहे. पुरुषांचे तसे नाही. आम्ही लहान होतो तेव्हा आजच्यासारखी बाळांची सारी टोचणी गावोगाव होत नसे. पायात काही घुसले तर एक इंजेक्शन घेतले, की पुढे दहा-पंधरा वर्षे विसरले. एका इंजेक्शनाने काम पुरे होत नाही. ज्याने मुळीच घेतले नसेल त्याने पहिले घ्यावे, चार आठवड्यांनी दुसरे, आणि सहा महिने ते वर्षभरात तिसरे. पुढे दर दहा वर्षांनी एक. आता त्याच टोचणीत घटसर्पाचीही लस असते. एका सुईत दोन रोगांचा बंदोबस्त.

कोणी म्हणेल, "मास्तर, टोचून माणसे मेल्याचेही आम्ही ऐकले आहे." ते आम्ही लपवणार नाही. १८९७ साली मुंबईत प्लेग होता. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगवर लस केली. ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांनी घेतली. पण १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी टोचल्यावर १९ माणसे दगावली. कशाने? धनुर्वाताने! एकाच बाटलीतली लस त्यांना दिली होती. हाफकिनवर ठपका आला, त्याचे काम गेले. पुढे चौकशीत दिसले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ साली हाफकिनवरचा ठपका दूर झाला. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आजही आहे. तेव्हा भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्या चुकीवरून जग शिकले. आज सुई एकदाच वापरतात. ती तुमच्या समोर पाकिटातून काढतात. न काढली तर विचारा. विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे.

कुत्रे चावण्याचेही तसेच. जुन्या माणसांच्या मनात अजून बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने आहेत. त्या धाकाने ती जखमेत तिखट नाहीतर चुना भरतात आणि गप्प बसतात. पोटातली ती इंजेक्शने कधीच बंद झाली. आता दंडात देतात, चार-पाच खेपांत. कुत्रे, मांजर, माकड चावले किंवा उसातल्या बिबट्याने ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. आणि बरे वाटले म्हणून मधली खेप चुकवू नये.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला जड जाते.

१ मार्च २०२१ पासून साठीवरच्या लोकांना करोनाची लस मिळू लागली. आम्ही म्हटले, "थोडे थांबू. दुसऱ्यांना काय होते ते बघू." शिकलेला माणूस, आयुष्यभर पोरांना शहाणपण शिकवले, आणि मनात हे! आमचे एक स्नेही रोज संध्याकाळी पारावर आमच्याशेजारी बसत. ते म्हणाले, "मास्तर घेतील तेव्हा मी घेईन." असे करता करता महिना गेला. एप्रिलमध्ये त्यांना ताप आला, मग दम लागला. खाटेसाठी मुलगा नाशिकला चार ठिकाणी फिरला. ते परत आले नाहीत. लस घेतली असती तर ते नक्की वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण ते आमच्यासाठी थांबले होते. त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही लस घेतली. एक दिवस अंग दुखले, थोडी कणकण आली. एवढेच.

असो. या गुरुवारी आम्ही धनुर्वाताची दुसरी टोचणी घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहोत. पहिली घेऊन चार आठवडे झाले. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी नऊला पारावर यावे. न्याहारी करून यावे. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत आणावीत. मागे एखादे औषध सोसले नसेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. जुने कार्ड असेल तर तेही आणावे. फ्लूची आणि न्यूमोनियाचीही लस असते. ती आपल्याला हवी का, कोठे मिळेल, हेही तेथेच विचारू. टोचल्यावर अर्धा तास तेथे बसायचे आहे. तेवढ्या वेळात भिंतीवरच्या पाट्या वाचू. आता तुम्हांला वाचता येते.

ज्यांना चालवत नाही त्यांनी आशाताईंकडे आजच नाव द्यावे. रिक्षाचे आम्ही बघतो.