विक्रम मोठा कुणाचा?

दोन माणसे भेटली की पावसापाण्याच्या गोष्टी निघतात, आणि चार माणसे भेटली की क्रिकेटच्या. परवा पनवेल तालुक्यातल्या उलव्यात एका नातेवाइकांकडे गेलो होतो. संध्याकाळी चहाच्या टपरीपुढे मंडळी बसली होती आणि वाद चांगलाच रंगला होता. सर्वांत मोठा विक्रम कुणाचा?

कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "सचिनचा! शंभर शतके! दुसरे नाव घेऊच नका." पिकल्या केसांचे एक काका हसले. म्हणाले, "बाळा, डोक्याला हेल्मेट नसताना वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे गावसकर उभा राहिला. ते तुझ्या शंभरांत कुठे बसवतोस?" तेवढ्यात शाळेतले मास्तर सायकल टेकवून आले आणि एकच शब्द बोलले, "ब्रॅडमन." झाले! मग कुणी कुणाचे ऐकेना.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तिथे मी जे सांगितले तेच आज तुम्हांलाही सांगतो.

पहिली गोष्ट, आकडे नीट समजून घेऊ. ब्रॅडमन कसोटी सामन्यांत ८० वेळा फलंदाजीला आले. त्यांपैकी १० वेळा नाबाद राहिले, म्हणजे बाद झाले ७० वेळा. धावा ६,९९६. गुरुजी, हे गणित मुलांना फळ्यावर घालण्याजोगे आहे. ६,९९६ ला ७० ने भागा, सरासरी येते ९९.९४. आणखी चार धावा झाल्या असत्या तर बरोबर शंभर! पण १९४८ साली ओव्हलच्या मैदानावर शेवटच्या डावात ते शून्यावर त्रिफळाचीत झाले. आता तेंडुलकरांचे बघा. १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षे ते खेळले. कसोटी सामने २००, धावा १५,९२१, सरासरी ५३.७८. कसोटीतली ५१ आणि एकदिवसीय सामन्यांतली ४९ मिळून शंभर शतके. आणि गावसकर? १९८७ साली कसोटीत दहा हजार धावांचा उंबरठा ओलांडणारे जगातले पहिले फलंदाज तेच.

मग यांत मोठा कोण?

मी त्या पोराला विचारले, "इथली उलव्याची टेकडी आठवते का रे?" तो म्हणाला, "थोडी आठवते." विमानतळासाठी ती टेकडी कापून जमीन सपाट केली. सुमारे ९० मीटर उंच होती. हिमालयापुढे ती काहीच नव्हे. पण खाडीकाठच्या सपाट भातशेतीत आणि मिठागरांत ती उभी होती, म्हणून लांबून दिसायची. टेकडीची उंची पायथ्याच्या मानानेच जाणवते. विक्रमाचेही तसेच आहे. तो खेळाडू आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती वर उठला, हे आधी बघावे. बाकीचे थोर फलंदाज साठीच्या आसपास थांबले, तिथे ब्रॅडमन शंभराला टेकले. इतका उंच सुळका दुसऱ्या खेळातही सहसा सापडत नाही. मास्तरांचे म्हणणे खोटे नव्हते.

पण पोराचेही खोटे नव्हते. चोवीस वर्षे देशोदेशींच्या खेळपट्ट्यांवर, पाठीवर कोट्यवधी लोकांच्या अपेक्षांचे ओझे घेऊन टिकून राहणे ही वेगळी उंची आहे. एक वर्ष सोन्यासारखे पीक येणे निराळे, आणि चोवीस वर्षे शेत पडीक न पडू देणे निराळे. हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

आता तिसरी गोष्ट. टपरीवरच्या वादात ती कुणाच्याच तोंडी आली नव्हती. विक्रम करायला आधी खेळायला तर मिळाले पाहिजे!

मुंबईचे विजय मर्चंट घ्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४. दहा हजारांहून अधिक धावा करणाऱ्यांत त्यांच्या पुढे एकटे ब्रॅडमन. पण कसोटी सामने किती मिळाले? १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत फक्त दहा. मधली कितीतरी वर्षे महायुद्धाने खाल्ली. शेवटच्या कसोटीत त्यांनी १५४ धावा केल्या.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांची गोष्ट तर ऐकताना आजही चुटपूट लागते. १९४८ सालचा डिसेंबर महिना, पुण्याचे मैदान, महाराष्ट्राविरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता. आणि समोरच्या संघाने सुटीनंतर खेळायलाच नकार दिला! सामना तिथेच संपला. या गृहस्थांना पुढे एकही कसोटी सामना मिळाला नाही. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, तेही प्रत्येकी वीसपेक्षा कमी धावा देऊन. पण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. डावखुऱ्या फिरकीची जागा एक आणि माणसे दोन! शिवलकर २०२५ साली गेले. कसोटी सामन्यांपुढे त्यांच्या नावावर शून्यच राहिला.

त्याहीमागे जाऊ. पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता त्यांना चेंडू टाकी. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. खेळपट्टीवर तो सर्वांच्या पुढे असे, आणि चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा असे. बाळूच्या बळींची बेरीज करताना हा कपही हिशेबात धरायला नको का?

हे सगळे ऐकून काका जरा गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे ज्याला मिळाले नाही, त्याचे सगळे वायाच की!"

मी म्हटले, तसे नाही. खाडीपलीकडे नेरूळला बघा. तिथल्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. आणि संघाचे प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि तीस शतके करूनही भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेला माणूस! त्यांच्या धावा वाया गेल्या असे कोण म्हणेल? त्या मुलींच्या कामी आल्या.

आणि हे आपल्याला ठाऊक आहे, कारण या सर्वांच्या धावा न् बळी कुणीतरी लिहून ठेवले. निंबाळकरांना कसोटीची टोपी मिळाली नाही, पण ४४३ हा आकडा कुणाला पुसता येत नाही. लिहिलेले असले की अन्यायसुद्धा मोजता येतो.

तेव्हा तो कॉलेजातला पोरगा काकांकडे वळला. "काका, तुम्हीपण बोलिंग टाकायचात ना? तुमच्या किती विकेटी?"

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भातकापणी झाली की शेतात खेळायचो आम्ही. बांध म्हणजे बाउंड्री. गावोगावच्या टुर्नामेंटी मारल्या, वीस वर्षे. विकेटी... पुष्कळ असतील रे. वहीत लिहीत होते, पण बक्षीस वाटून झाले की वही कुठे जायची कोण जाणे."

मंडळी, ते शेत आज नाही. तिथे इमारती उभ्या आहेत. टेकडी नाही. विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांत जुने उलवे गावही होते. काकांच्या वीस वर्षांच्या गोलंदाजीची खूण कुठे राहिली? एका वहीत राहिली असती. ती वहीही हरवली.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. गावाच्या मंडळाने आणि शाळेने एक जाड पुठ्ठ्याची वही घालावी. तारीख, मैदान, कोणाविरुद्ध सामना, कुणी किती धावा केल्या, बाद की नाबाद. किती षटके, किती धावा, किती बळी. धावण्याची शर्यत असेल तर अंतर टेपने मोजून लिहावे, वेळ घड्याळ लावून लिहावी. खो-खो, कबड्डी, पोहणे, सगळे यावे. मुलांबरोबर मुलींचेही यावे. आणि संघाबाहेर कोण राहिला तेही लिहावे. गुरुजींनी वर्षअखेर मुलांकडूनच सरासरी काढून घ्यावी, म्हणजे गणिताचा एक तासही सत्कारणी लागेल. वही शाळेच्या कपाटात इतर दप्तराबरोबर ठेवावी, बक्षिसाच्या ढालीमागे नव्हे.

आमचा वाद मिटला का? छे! मास्तर ब्रॅडमनवरच अडून राहिले आणि पोरगा सचिनवर. मिटू नये हेच बरे. पण उठताना मास्तर म्हणाले, "उद्या सकाळी शाळेत या काका. आठवतील तेवढे सामने सांगा. मी लिहून घेतो."

काका म्हणाले, "आठवतील तेवढेच हं. उगाच वाढवून सांगणार नाही."