वेदनेचा अभ्यास



इथे इंग्लंडात भूलतज्ज्ञाची नोकरी सांभाळून मी रॉयल कॉलेजच्या वेदनाचिकित्सेच्या परीक्षेची तयारी करीत आहे. आधी लेखी, मग तोंडी. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडले की, मज्जारज्जूत वेदनेला जणू दार असते. दुखरा भाग चोळला की ते काहीसे बंद होते. आपल्या आज्यांना हा उपाय ठाऊकच होता! पण २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येसोबतची एक टीप मला सर्वांत मोलाची वाटते: माणूस ‘दुखते’ म्हणाला, तर त्याच्या शब्दाचा मान राखावा. क्ष-किरणांत काही दिसले नाही, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

तेव्हा भगिनींनो, दुखणे अंगावर काढू नका. आणि घरात सून वा सासू कण्हली, तर ‘ढोंग’ म्हणू नका.