दिसणारे वर्तन, न दिसणारे मन
(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर माणूस आहे. बी.ए.ला हा विषय होता आणि तेव्हा लागलेली वाचनाची सवय सुटली नाही, एवढ्याच शिदोरीवर आपल्यापुढे उभा आहे.

मन कुणी पाहिलेले नाही. मग त्याचे शास्त्र करायचे कसे? जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली. तिथे माणसाला एखादा आवाज ऐकवीत, प्रकाश दाखवीत आणि आत काय जाणवले ते त्यालाच सांगायला लावीत. यात अडचण उघड आहे. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर खरे कुणाचे मानायचे? आत डोकावणारा तिसरा पंच आणायचा कुठून? म्हणून १९१३ साली अमेरिकेत जॉन वॉटसन याने रोखठोक मांडले की, आतले राहू द्या, चारचौघांना दिसते आणि मोजता येते ते वर्तन तेवढेच शास्त्राचा विषय. (हाच वॉटसन १९२० साली विद्यापीठातून बाहेर पडला आणि जाहिरातीच्या धंद्यात शिरला. शास्त्रात मनाचे नाव नको म्हणणारा गृहस्थ लोकांची मने वळवण्यावर पोट भरू लागला!) पुढे स्किनरने हाच मार्ग चालवला. त्यावर १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी कडाडून टीका केली. लहान मूल कधीही न ऐकलेली वाक्ये सहज बोलते, ते केवळ सवयीने आणि बक्षिसाने कसे होईल, हा त्यांचा सवाल होता. तो वाद मोठा आहे. आज त्यात शिरत नाही.

मला सांगायची आहे ती एका घोड्याची हकिकत. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, अशी ख्याती झाली. सात आणि चार किती, असे विचारले की घोडा पायाने अकरा वेळा टापा मारून थांबे. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तिला लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुणाने काम हाती घेतले. त्याने दोन साध्या गोष्टी केल्या. ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही अशा माणसाकडून प्रश्न विचारवला आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा घोड्याचे गणित कोसळले. विचारणारा माणूस टापा मोजताना किंचित पुढे झुकलेला असे आणि बरोबर आकडा आला की त्याचे डोके नकळत तसूभर वर होई. घोडा तेवढे पाहून थांबे. पुढे फुंग्स्टने स्वतः घोड्याची जागा घेतली. लोकांना मनात आकडा धरायला सांगून तो हाताने ठोके देई, आणि बहुतेकांच्या डोक्याच्या हालचालीवरून तो त्यांचा आकडा ओळखू शकला. आपण हललो, याचा त्या लोकांना पत्ताही नव्हता.

विद्यार्थ्यांनी यातल्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. टापा साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्या खोट्या नव्हत्या. चूक झाली ती टापांवरून घोड्याच्या डोक्यात गणित आहे असे मानण्यात, आणि ती परिस्थिती बदलून पाहिल्यावरच उघडकीला आली. दुसरी गोष्ट म्हणजे, माणसाचे वर्तन त्याच्याबद्दल असे काही सांगून जाते की जे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

आमच्या काउंटरवर हे रोजचे आहे. सही नमुन्याशी जुळत नाही, हे दिसते. पण तेवढ्यावरून लबाडी ठरत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या पेन्शनरांचे हात पाहिले की कळते. सही बदलते ती वयाने, कंपवाताने, कधी नुसत्या घाईने. अनुभवी कारकून समोर बसवून दोन-तीनदा सही करायला लावतो, मग मत बनवतो.

आता माणसामाणसांतल्या वागण्याकडे येतो. रिचर्ड लापियर हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ. १९३० नंतरच्या काही वर्षांत ते एका चिनी विद्यार्थ्याला आणि त्याच्या पत्नीला घेऊन देशभर मोटारीने हिंडले. तो काळ चिनी लोकांविषयी तिरस्काराचा होता. त्यांना देशात येण्यास बंदी घालणारा १८८२ चा कायदा १९४३ पर्यंत रद्द झाला नव्हता. तरीही २५१ हॉटेले, खानावळी आणि मुक्कामाच्या जागा यांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापियर यांनी त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले की, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरे आली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे लिहिले होते. १९३४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उणिवा होत्या, हेही सांगितले पाहिजे. दारात स्वागत करणारा आणि पत्राला उत्तर देणारा एकच असेल असे नाही. शिवाय ते जोडपे हसतमुख होते, उत्तम इंग्रजी बोलणारे होते आणि बरोबर गोरा प्राध्यापक होता. माझ्या मते, ‘बोलणे खोटे, वागणे खरे’ असा सोपा अर्थ इथे लावू नये. पत्राला उत्तर देणे हेसुद्धा वर्तनच आहे, फक्त वेगळ्या परिस्थितीतले.

तिथे कागदावर नकार आणि दारात स्वागत होते. आपल्याकडे याच्या नेमके उलटे आढळले आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. मुख्य तुलनेत शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटावीत अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पात्रता सारखी असताना, उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनीही त्याच सुमारास एक अभ्यास केला. त्यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, असेच ते सांगत होते. आणि उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमी विचारणे त्यांना आवश्यक वाटत होते.

हे अधिकारी खोटे बोलत होते का? मला तसे वाटत नाही. बर्लिनच्या त्या प्रश्नकर्त्यांना आपली मान हललेली कळली नव्हती, तसेच यांचेही असू शकेल. अर्ज बाजूला ठेवणाऱ्याला आपण ‘योग्य उमेदवार’ निवडतो असेच वाटत असणार. म्हणून त्याला विचारून उपयोग नाही. शिवाय एकच अर्ज नाकारला गेला, तर त्यावरून त्या साहेबाच्या मनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कारणे शंभर असू शकतात. पण सारखेच अर्ज हजारोंनी जातात, बदलते ते फक्त नाव, आणि उत्तरही बदलते. तेव्हा बाकीची कारणे एकेक करून गळून पडतात. ज्याला बोलावणे आले नाही त्या मुलाला घरी बसून हे कधीच कळणार नव्हते. आपणच कुठे तरी कमी पडलो, असे समजून तो गप्प बसला असता.

विद्यार्थ्यांपैकी कुणाला या अभ्यासांविषयी अधिक वाचायचे असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे.